आत्याच्या अक्षराला माझे नाव

आमच्या नांदेडच्या घरात लिहिण्याची जागा ठरलेली होती. पुढच्या खोलीत खिडकीखाली सतरंजीची चौघडी, तिच्यावर आत्या, आत्याच्या मांडीवर उलटा ठेवलेला पाट आणि उजव्या हाताशी पितळी वाटीत काळी शाई. वाटीला हात लागेल म्हणून त्या बाजूने कोणी जायचे नाही, असा नियम होता आणि घरात पाळला जाणारा तो एकमेव नियम असावा. सकाळी गुरुद्वाऱ्यातले कीर्तन वाऱ्यावर ऐकू यायचे, स्वयंपाकघरात आई भाकरी थापत असायची आणि या दोन आवाजांच्या मध्ये कागदावर कलम ओढल्याचा तिसरा, अगदी बारीक आवाज असायचा. मांजराने दार खरवडल्यासारखा. तो ऐकू आला की आत्याची शाळा अजून भरायची आहे किंवा सुटली आहे, हे घड्याळ न पाहता कळे.

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला. मूल नव्हते. ती भावाकडे परत आली आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. अण्णा तिला आक्का म्हणत, आई वन्सं म्हणे आणि गल्ली नुसते बाई म्हणे. माझे आजोबा निजामाच्या अमलात कचेरीत कारकून होते. त्यांचा हात उर्दूत घडलेला होता. मुलीला त्यांनी फार काही दिले नसावे, पण कलम कशी छाटायची आणि कशी धरायची हे दिले. म्हणून आत्याचे अक्षर मराठी असले तरी त्याची चाल वेगळी होती. शिरोरेघ सरळ नसे, उजवीकडे गव्हाच्या दाण्याएवढी चढे. दीर्घ वेलांटी मागे वळून पहिल्या अक्षराच्या डोक्यापर्यंत जाई. काना वरून जाड सुरू होई, खाली येताना बारीक होई आणि शेवटी डावीकडे किंचित झुके, जणू पुढच्या अक्षराला वाट करून देतो आहे. हे वर्णन मी आज करू शकते, कारण पुढे मी ती अक्षरे पडद्यावर आठपट मोठी करून पाहिली आहेत. तेव्हा मला ते फक्त सुंदर दिसे.

त्या काळी पत्रिका छापखान्यात छापत, पण पाहुण्याचे नाव हाताने लिहीत. छापील नावाचे निमंत्रण म्हणजे गावजेवणाचे बोलावणे, असे लोक म्हणत. दिवाळी झाली की घरी गठ्ठे यायला लागत. मुलीचे आई-वडील यादी घेऊन समोर बसत, नावे वाचत आणि आत्या लिही. आई सगळ्यांना बशीत सुशीला देई. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. आत्या लिहिताना खात नसे. मुरमुऱ्याचा तेलकट हात कार्डाला लागला तर शाई धरत नाही. पहिले कार्ड देवीचे असे. श्री रेणुकामाता, माहूरगड. ते लिहून झाले की आत्या ते आईकडे सरकवी. कोपऱ्यांना हळद-कुंकू सवाष्णीने लावायचे असते. आत्याने तो गठ्ठा कधी स्वतःहून रंगवला नाही आणि तिला कोणी ‘लावू नका’ असे म्हटल्याचेही मी ऐकले नाही. कार्ड सतरंजीवरून दोन हात सरकायचे, इतकेच. शेवटचे कार्ड यजमान मुद्दाम हातात देत आणि म्हणत, “बाई, यावर आता तुमचं नाव घाला.” आत्या आपले नाव स्वतः लिही, वाळू देई आणि मग आपल्याच नावाचे आमंत्रण दोन्ही हातांनी स्वीकारी. मंडपात हळदीच्या वेळी तिला कोणी पुढे बोलावत नसे. पण पत्रिकेशिवाय मंडप नाही आणि आत्याशिवाय पत्रिका नाही, एवढी जागा तिने कलमेच्या टोकाने करून घेतली होती.

तेरवीचे कार्ड मात्र ती लिहीत नसे. ज्या कलमेने मयताचे कार्ड लिहिले तिने लग्नाचे नाव लिहायचे नाही, असे आमच्याकडे सगळेच मानत. तेरवीच्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. ते घरात आणत नाहीत, उंबऱ्यावर उभे राहून वाचतात आणि तिथेच फाडून टाकतात. इतर लिहिणारे कलम बदलत आणि दोन्ही कामे करत. आत्याच्या बाबतीत लोक कलम नव्हे, हात मोजत. तिच्या हाताकडे बोट दाखवायला एक कारण आधीच होते, दुसरे तिने होऊ दिले नाही. स्वतःच्या आईच्या तेरवीची कार्डेसुद्धा तिने समोरच्या मास्तरांकडून लिहून घेतली आणि त्यांचे गिचमिड अक्षर पाहून दोन दिवस धड जेवली नाही.

माझे अक्षर त्या मास्तरांपेक्षा वाईट होते. आत्या म्हणे, “वैजू, कोंबडी तरी सरळ रेषेत चालती गं. डॉक्टर तरी व्हायचं होतंस, अक्षराचा उपेग झाला असता.” बी. ए. झाल्यावर मी लातूरला संगणकावर जुळणी शिकायला गेले. निघताना बसस्थानकावर तिने माझ्या पिशवीत एक वही सरकवली. अक्षर गिरवण्याची वही. तिने ती माझ्यासाठी सुटीत बसून तयार केली होती: सगळी बाराखडी, जोडाक्षरे, आकडे, प्रत्येक पानावर एकच अक्षर आणि त्याखाली गिरवायला रिकाम्या ओळी. “रोज एक पान,” ती म्हणाली. “वर्षात हात वळंल.”

मी एकही पान गिरवले नाही.

लातुरात मी ज्या छापखान्यात लागले तो रशीदभाईंचा होता. पुढे काउंटर, मागे पायाने चालवायचे जुने छपाईयंत्र आणि मधल्या खोलीत, थंड राहावी म्हणून पडदा लावलेली, नवी संगणकाची जागा. यंत्राचा खडखडाट दिवसभर चाले आणि दुपारी एकला थांबे. तेव्हाच्या शांततेत मी मेसच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात असे. रशीदभाई साठीचे होते, छपाईचे शिशाचे खिळे जुळवून बोटे काळी झालेली. संगणकावर तेव्हा मराठीची पाच-सहा वळणे होती, सगळी ताठ. गिऱ्हाईक पत्रिका बघून म्हणे, छान आहे, पण सरकारी वाटते. मला त्यावर उपाय ठाऊक होता आणि तो माझ्या पिशवीत होता.

काम सोपे नव्हते आणि ते मी चांगले केले. हे लिहिणे भाग आहे, कारण वाईट केले असते तर पुढचे काही झाले नसते. वहीची पाने मी एकेक करून स्कॅन केली आणि अक्षरांच्या कडा पडद्यावर बिंदूबिंदूने आखल्या. यंत्रात अक्षर अख्खे नसते. ग अर्धा ठेवायचा, म अर्धा ठेवायचा, त्यांचा काना वेगळा आणि तो एकच काना सगळ्यांना लावायचा. आत्याच्या वहीत काने शेकड्यांनी होते आणि प्रत्येक थोडा वेगळा होता. मी त्यातला एक निवडला. ‘गा’च्या पानावरचा होता. दुपारच्या सुट्टीत आणि सकाळी लवकर येऊन मला अडीच महिने लागले.

पहिला नमुना काढून मी रशीदभाईंना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

“ये तो किसी मुन्शी का हाथ है,” ते म्हणाले. “कौन लिख्या?”

“मी,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग काउंटरवरच्या रजिस्टरकडे. त्यात मी रोज कामाची नोंद करत असे. “तेरा हाथ तो मैं रोज देखतुं, बेटा. कल ‘देशमुख’ लिखी थी, मैं ‘दशमूळ’ पढ्या. काढ्याची जाहिरात हाय म्हणून बाजूला ठेवली.”

मागे यंत्रावरचा माणूस हसला. मीही हसले. “हे सावकाश काढलंय,” मी म्हणाले.

“हव, सावकाश,” रशीदभाई म्हणाले. “नाम क्या इसका? मशीनच्या यादीत नाव लागतं ना?” मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितले, “तू लिखी ना? तो तेरा नाम डाल.”

ते मला संधी देत होते की टोमणा मारत होते, हे मी तेव्हा ठरवले नाही. मी खुर्चीवर बसले आणि नावाच्या जागी ‘वैजयंती’ असे टंकले.

सहा महिन्यांत लातुरात ‘वैजयंतीत लाव’ हे वाक्य रूढ झाले. आधी पत्रिका, मग सत्कारपत्रे, मग साड्यांच्या दुकानांच्या पिशव्या, मग बारशाची कार्डे. शिरूर अनंतपाळ आणि उदगीरचे छापखानेवाले फ्लॉपी घेऊन येत आणि उतरवून नेत. लोक पडदा सरकवून मला पाहायला येत. ‘हीच का ती पोरगी?’ मला ते आवडे. आज ते वळण कुठे नाही हे सांगणे सोपे. कोणीतरी ते नव्या संगणकांसाठी पुन्हा बांधले, कोणीतरी फोनमध्ये आणले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर ते आहे, आइस्क्रीमच्या डब्यावर आहे, ट्रकच्या पाठीमागे आहे. पुढे मी ज्या दैनिकात नोकरी केली तिथे रविवारच्या पुरवणीचा मथळा कोणीतरी अधूनमधून वैजयंतीत लावी. मी कारण न देता तो बदलायला लावत असे. सहकारी याला माझी कडक अभिरुची समजत.

वैजयंती निघाली त्या वर्षीच्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा आत्याच्या हातात लातूरहून आलेली एक पत्रिका होती. तिने ती खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. “वैजू, हे कुणी लिहिलं गं?”

“लिहिलेलं नाही, आत्या. कॉम्प्युटरवरचं आहे.”

“कॉम्प्युटर माझ्यावानी लिहून राहिला?”

“असे बरेच असतात. विकत मिळतात.”

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अण्णाला दाखव. म्हणावं, बहीण विकायला निघाली.” अण्णा हसले, आई हसली. मीही हसले. तेव्हा सांगणे अजून सोपे होते, कदाचित ती खूशही झाली असती. पण रशीदभाईंकडे हे माझे अक्षर होते आणि घरी ते विकतचे होते. एकाकडे खरे बोलायचे तर दुसऱ्याकडे खोटी ठरणार होते. मी दोन्हीकडे गप्प राहिले.

दिवाळीनंतर महिनाभराने छापखान्यात एक तरुण आला. त्याचे वडील गेले होते. लातुरातले मोठे आडत दुकान, नातेवाईक चार जिल्ह्यांत. तेरवीची कार्डे हवी होती आणि नावांसकट छापून हवी होती, कारण लिहायला घरात कोणाचा हात स्थिर नव्हता. “पण छापील दिसायला नको,” तो म्हणाला. “हातानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. वडील तसे होते.” मला आत्याचा नियम आठवला. आठवला नाही असे मी कधीही म्हणू शकले नाही. मग मी स्वतःला सांगितले की नियम हाताचा आहे आणि हे तर यंत्र आहे. हा युक्तिवाद करायला कागद यंत्रातून बाहेर यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. मी काळी चौकट घातली आणि सगळा मजकूर, सगळी नावे वैजयंतीत लावली. काम सुबक झाले. त्या तरुणाने माझे आभार मानले. त्या कार्डांतली काही नांदेडला गेली.

पुढच्या आठवड्यात मी रजेवर घरी होते. समोरच्या कमलबाईंच्या मुलीचे लग्न ठरले होते. ती मुलगी आत्याच्या वर्गात शिकलेली. तीनशे कार्डांचा गठ्ठा घरात होता, त्यातली निम्मी लिहून झाली होती. दुपारची वेळ होती. आत्या नुकतीच शाळेतून येऊन बसली होती आणि मी ओली कार्डे जमिनीवर ओळीने वाळत मांडत होते. उंबऱ्याबाहेर चपला वाजल्या, पण कोणी आत आले नाही.

“बाई, जरा भाईर या,” कमलबाईंचा आवाज.

“अगं आत ये की. पन्नास राहिलीत आज.”

“आत येत न्हाई. हातात कार्ड हाय.”

आत्याने पाट बाजूला ठेवला आणि ती उंबऱ्यापाशी गेली. मी जिथे बसले होते तिथून दोघी दिसत होत्या. कमलबाईंनी कार्ड दोन बोटांत धरले होते. कोपरा फाडलेला होता.

“माझ्या जावेच्या माहेरी आलंय, लातूरहून. जाऊ म्हनती, हे बाईचं अक्षर. मी भांडून आले तिच्याशी. म्हनलं, आमच्या बाई मरतील पन तेरवीचं लिहिनार न्हाईत.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही निस्तं न्हाई म्हना. मी जाऊन तिच्या तोंडावर फेकते.”

आत्याने हात पुढे केला. कार्ड घेऊन ते उजेडाकडे फिरवले. एका कान्यावर बोट ठेवले, मग खालच्या ओळीतल्या दुसऱ्या कान्यावर. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले आणि ओले कार्ड सरळ केले. ते सरळच होते. ती पुन्हा कार्डाकडे पाहू लागली. खूप वेळ पाहत राहिली. कमलबाईंनी पदर सावरला, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. आत आईने कुकरखालची आच कमी केली. बोलायला पाच शब्द पुरले असते: हे मशीनवर झालंय, मी केलंय. ते माझ्या तोंडात तयार होते. त्यानंतर आई काय विचारेल, अण्णा काय म्हणतील, लातुरात पडदा सरकवून पाहायला येणारे लोक काय म्हणतील, हेही माझ्या डोक्यात तयार होते आणि ते आधी पोचले.

“अक्षर माझंच हाय, कमल,” आत्या म्हणाली.

“बाई!”

“माझंच हाय.”

“कुनासाठी लिहिलं? लिहायचंच व्हतं तर आमची कार्डं झाल्यावर तरी...”

“ते इचारू नको.”

कमलबाई रडकुंडीला आल्या होत्या. “तुमच्याबद्दल माझ्या मनात काई न्हाई बाई. पोरीचं लग्न हाय. सासरची मानसं एक एक गोष्ट बघून राहिलीत. उद्या काई कमीजास्त झालं तर...”

“घेऊन जा,” आत्या म्हणाली. “लिहिलेली बी घेऊन जा.” मग माझ्याकडे न पाहता, “वैजू, कार्डं बांधून दे.”

मी बांधून दिली. शेवटच्या ओळीतली शाई ओली होती, ती दुसऱ्या कार्डांना लागली. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “वन्सं, तुम्ही कधी लिहिलं हो हे?” आत्या म्हणाली, “लिहिलं एकदा. सोड.” तिने ते तेरवीचे कार्ड उंबऱ्याबाहेर उभे राहून चार तुकडे करून फाडले, बाहेरच्या नळावर हात धुतले आणि शाईची वाटी उचलून मोरीत पालथी केली. त्या हंगामात आणखी दोन घरांनी गठ्ठे परत नेले. एका घराने कारण सांगितले, दुसऱ्याने तेही नाही.

मी लातूरला परतले. पंधरा दिवसांनी कमलबाईंचे यजमान छापखान्यात आले. मी तिथे काम करते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून मुद्दाम आले होते. “पोरी, हातानं लिहायची भानगडच नको आता,” ते म्हणाले. “सगळी नावं मशीनवर टाक.” काउंटरवर काचेखाली नमुने लावलेले होते. त्यांनी खाली वाकून एकेक पाहिला आणि वैजयंतीवर बोट ठेवले. “हे लई झ्याक हाय. आपल्या बाईच्या अक्षरावानीच दिसून राहिलं.”

“काका, ते यंत्राचं आहे,” मी म्हणाले.

“मंग तर बरंच. मशीनला कसला आलाय इटाळ?”

पलीकडे रशीदभाई कागद मोजत होते. ते थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

मी तीनशे नावे लावली. पहिले श्री रेणुकामाता, माहूरगड. यादीत आमच्या घरासमोर अण्णांचे नाव आणि ‘सहपरिवार’ एवढेच होते. आत्याचे वेगळे कार्ड नव्हते. यादी माझ्या हातात होती, यंत्र माझ्या हातात होते. एक नाव वाढवले असते तर कोणी तपासले नसते. पुढे वर्तमानपत्रात मी नव्या मुलांना शिकवत असे की मजकुरात नसलेले आपल्या पदरचे काही घालायचे नाही. नियम योग्य आहे. त्या दिवशी मी तो पाळला, पण तो नियम म्हणून नव्हे. लग्नाला आई आणि अण्णा गेले. आत्या घरी राहिली आणि तिने मुलीसाठी स्वतः शिवलेली गोधडी त्यांच्याबरोबर पाठवली.

त्यानंतर तिने कलम धरली नाही. फळ्यावर खडूने लिहायची तेवढे. पत्रिकांवर नावे हाताने लिहिण्याची रीतच चार-पाच वर्षांत संपली, आणि मी बरीच वर्षे याचा आधार घेत आले: ते काम तसेही जाणारच होते. हे खरे आहे. पण आत्याचे ते काळाने जायचे होते, ते त्याआधी मी घालवले आणि जाताना डाग लावून घालवले, हेही खरे आहे. माझ्या लग्नाच्या पत्रिकांची गोष्ट निघाली तेव्हा आईने आत्याकडे पाहिले. आत्याच म्हणाली, “छापून घ्या. आता सगळे छापतात.” कोणते वळण लावायचे हे तिने विचारले नाही. मी सरकारी दिसणारे लावले.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी नांदेडला गेले. आई-अण्णा आता नाहीत. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, त्याच घरात राहते, स्वयंपाक स्वतः करते. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि बातमी सांगावी तसे क्रमाने सांगितले: वही, रशीदभाई, नाव, आडत्याचा मुलगा, कमलबाईंची तीनशे कार्डे. काही वगळले नाही. ती मेथी निवडत राहिली. फक्त एकदा, मी नाव दिल्याचे सांगितले तेव्हा, हातातली काडी मोडून थांबली आणि पुन्हा निवडू लागली.

“झालं?” तिने विचारले.

“हो.”

“मला त्याच दिवशी कळलं होतं. माणसाच्या हातचे दोन काने सारखे येत न्हाईत. त्या कार्डावरचे सगळे काने एकच.”

“मग तू कमलबाईंना तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“मी?” तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. “मी ते कार्ड किती वेळ धरून उभी होते, आठवतं का तुला?”

“आठवतं. खूप वेळ.”

“मला दोन कान्यांत कळलं होतं, वैजू. बाकीचा वेळ तुझ्यासाठी होता.”

तिने निवडलेली मेथी ताटलीत भरली, देठ कागदात गुंडाळले. मग म्हणाली, “चहा ठेवते,” आणि एक हात जमिनीला लावून, दुसरा गुडघ्यावर दाबून उठायला लागली. उठायला तिला वेळ लागला. चहा मी ठेवायला हवा होता, निदान हात द्यायला हवा होता. मी बसूनच राहिले.